राहुलाचा आरसा

लहान मुलांशी धम्माविषयी कसे बोलावे याचे नमुने पाली त्रिपिटकातच आहेत, आणि नंतरच्या काळात मुलांसाठी लिहिलेल्या बहुतेक पुस्तकांपेक्षा ते सरस आहेत. ‘उदान’ या ग्रंथात एक छोटा प्रसंग येतो. श्रावस्ती आणि जेतवन यांच्या मधल्या वाटेवर काही मुले मासे पकडून त्यांचे हाल करत होती. भिक्षेला निघालेले बुद्ध तिथे थांबले. तुम्हाला दुःखाची भीती वाटते का, दुःख नकोसे वाटते का, असे त्यांनी मुलांना विचारले. मुले हो म्हणाली. मग दुःख नको असेल तर उघडपणे किंवा लपूनछपून कुणाचे वाईट करू नका, अशा अर्थाचे थोडेसे बोलून बुद्ध पुढे गेले. त्याच ग्रंथात, त्याच परिसरात, काठीने साप मारणाऱ्या मुलांचाही प्रसंग आहे.

या संवादात देवाचा धाक नाही, नरकाचे वर्णन नाही, नुसती आज्ञाही नाही. मुलाच्या स्वतःच्या अंगावर आलेला अनुभव हाच सगळ्या बोलण्याचा पाया आहे. मार लागला की दुखते हे मुलाला कुणी शिकवावे लागत नाही. ते दुखणे माशालाही असते, एवढी एकच पायरी त्याला चढायची असते, आणि तीही उपदेशाने चढवलेली नाही, प्रश्नाने चढवली आहे. मुलांना बौद्ध विचाराची ओळख करून देण्याचा प्रयत्न गेली अडीच हजार वर्षे अनेक देशांत चालला आहे. त्यात जे टिकले आणि जे पोकळ ठरले, त्याचा निवाडा याच कसोटीवर करता येतो: मुलाला स्वतः पाहायला लावले की तयार उत्तर त्याच्या तोंडी दिले?

या कसोटीचा सर्वांत पूर्ण आविष्कार मज्झिम निकायातील अंबलट्ठिक-राहुलोवाद सुत्तात आहे. राहुल हा बुद्धांचा मुलगा. हा उपदेश ऐकताना तो सात वर्षांचा होता, असे अट्ठकथा, म्हणजे सुत्तांवरची जुनी टीका, सांगते. बुद्ध त्याच्याकडे येतात, तो आसन मांडतो, पाय धुवायला पाणी ठेवतो. पाय धुऊन झाल्यावर बुद्ध भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवतात आणि ते मुलाला दाखवतात. जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही, त्याच्या अंगचे श्रमणपण एवढेसेच असते. मग ते पाणी फेकून देतात, भांडे पालथे घालतात, पुन्हा सुलटे करून रिकामे भांडे दाखवतात आणि दर वेळी तीच गोष्ट निराळ्या रीतीने सांगतात. त्यानंतर येतो राजाचा लढाऊ हत्ती. पाय, डोके, सुळे सगळे वापरूनही तो सोंड जपतो, तोवर त्याने प्राणावर उदार होऊन लढायचे ठरवलेले नसते. सोंडही वापरली की त्याला न करण्यासारखे काही उरत नाही. खोट्याचेही तसेच आहे, म्हणून थट्टेतसुद्धा खोटे बोलू नये. आणि शेवटी आरसा. आरसा कशासाठी असतो, असे बुद्ध विचारतात. पाहण्यासाठी, असे राहुल सांगतो. मग शरीराने, वाणीने, मनाने जे करायचे ते असेच पुन्हा पुन्हा पाहून करावे: करण्याआधी, करत असताना आणि करून झाल्यावर. याने मला त्रास होईल का, दुसऱ्याला होईल का, दोघांनाही होईल का? करून झाल्यावर चूक दिसली तर ती शास्त्यापाशी किंवा जाणत्या सोबत्यापाशी उघड करावी आणि पुढे सावध राहावे.

आजच्या शिक्षणशास्त्राच्या भाषेत मांडायचे तर हाताशी असलेली वस्तू, एकच विषय, तीन काळांत विभागलेला सराव आणि चूक कबूल करायला भीती न वाटेल अशी जागा, एवढे सगळे या एका सुत्तात आहे. बाप-मुलाचे हे नाते आहे, पण बुद्ध इथे बापाचा अधिकार वापरत नाहीत, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. मुलाला कठोर बोलावे लागले तर काय करावे, हेही त्याच निकायात आहे. अभय राजकुमाराच्या मांडीवर त्याचे तान्हे मूल होते. या मुलाने काटकी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील, असे बुद्धांनी त्याला विचारले. रक्त आले तरी बोट घालून काढीन, कारण मला त्याची दया येते, असे अभय म्हणाला. अप्रिय शब्द कधी बोलावा याचे विवेचन बुद्धांनी त्या उत्तरावरूनच केले.

मुलांना धम्म द्यायचा तर कोणत्या वयात आणि कुणाच्या संमतीने, हा प्रश्नही जुनाच आहे. राहुलाला ज्येष्ठ शिष्य सारिपुत्ताकरवी प्रव्रज्या, म्हणजे संघप्रवेशाची दीक्षा, दिली गेली, तेव्हा आजोबा शुद्धोदन व्याकूळ झाले. मुलगा गेला, आता नातूही गेला, हे दुःख कातडी, मांस, हाडे भेदत आत जाते, असे त्यांनी बुद्धांना सांगितले. यापुढे आई-वडिलांच्या परवानगीशिवाय कुणाही मुलाला प्रव्रज्या देऊ नये, हा त्यांचा आग्रह बुद्धांनी मान्य केला आणि तो विनयाचा, म्हणजे भिक्खुसंघाच्या आचारसंहितेचा, नियम झाला. विनयाच्या महावग्ग या भागातच राजगृहातल्या उपाली नावाच्या मुलाच्या आई-वडिलांची कथा आहे. लेखनकला शिकवली तर पोराची बोटे दुखतील, हिशेब शिकवला तर छाती दुखेल, नाण्यांची पारख शिकवली तर डोळे दुखतील, त्यापेक्षा भिक्खूंचे जगणे सुखाचे, असा विचार ते करतात. उपाली आणि त्याचे सोबती, एकूण 17 मुले, संघात येतात आणि पहाट होण्याआधीच पेज द्या, जेवायला द्या म्हणून रडू लागतात. त्यातून उपसंपदेसाठी, म्हणजे पूर्ण भिक्खू होण्यासाठी, किमान 20 वर्षांची अट आली. श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, होण्यासाठी 15 वर्षे ठरली. पुढे एका निराधार झालेल्या कुटुंबातल्या दोन मुलांसाठी ती सैल करून, कावळे हाकलण्याइतके मोठे झालेले मूल चालेल, असे सांगितले गेले. कायद्याच्या ग्रंथात सापडणारी ही करुणा आहे. मुलाच्या भल्याच्या नावाखाली पालक स्वतःची सोय पाहतात, हे त्या काळच्या भिक्खूंनी नेमके ओळखले होते.

श्रामणेरांसाठी जे पाठ तयार झाले, त्यांत खुद्दकपाठ हा सर्वांत छोटा ग्रंथ. त्यात त्रिशरण, दहा शिक्षापदे, मंगलसुत्त, रतनसुत्त, मेत्तसुत्त असे पाठ आहेत. धर्मानंद कोसंबींनी तो ‘लघुपाठ’ या नावाने मराठीत आणला. त्यातला ‘कुमारपञ्ह’ म्हणजे मुलाला विचारलेले दहा प्रश्न. एक म्हणजे काय? सर्व प्राणी आहारावर जगतात. दोन म्हणजे काय? नाम आणि रूप. तीन म्हणजे तीन वेदना, चार म्हणजे चार आर्यसत्ये, आणि असेच दहापर्यंत. सात वर्षांच्या सोपाकाने हे प्रश्न सोडवले असे परंपरा सांगते. अंक मोजता येणाऱ्या मुलाला अंकांच्याच खुंट्यांवर सगळे तत्त्वज्ञान टांगून दिले आहे. पहिल्या उत्तरात आत्मा किंवा ईश्वर न येता भूक येते, हे तर फारच अर्थपूर्ण आहे.

ज्याला पाठच होत नाही अशा शिष्याचीही परंपरेने सोय केली होती. चूळपंथक नावाच्या भिक्खूला चार महिन्यांत चार ओळींची एक गाथा येईना. थोरल्या भावाने त्याला विहारातून जायला सांगितले. बुद्धांनी त्याच्या हाती पांढऱ्या कापडाचा तुकडा दिला आणि तो हाताने चोळत बसायला सांगितले. चोळता चोळता कापड मळले, आणि ते मळताना पाहून जे कळायचे ते त्याला कळले. गुणपत्रिकेच्या धाकाखाली वाढणाऱ्या मुलांना सांगायलाच हवी अशी ही कथा आहे, आणि मुलांच्या संग्रहांत ती फार क्वचित दिसते.

राहुलाला केलेला उपदेश पुढे किती महत्त्वाचा मानला गेला, याचा पुरावा दगडावर कोरलेला आहे. राजस्थानात बैराट येथे सापडलेल्या आणि आता कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत असलेल्या शिलालेखात सम्राट अशोकाने सात धम्मपाठांची नावे दिली आहेत. भिक्खू-भिक्खुणींनी आणि उपासक-उपासिकांनी ते वारंवार ऐकावेत अशी इच्छा त्याने व्यक्त केली आहे. त्या सातांतला एक पाठ म्हणजे खोटे बोलण्याविषयी राहुलाला केलेला उपदेश. धर्मानंद कोसंबींनी 1912 मध्ये या सात पाठांची त्रिपिटकातली स्थाने शोधण्याचा प्रयत्न केला. मुलाला सांगितलेली गोष्ट साम्राज्यातल्या प्रौढांनी ऐकावी, असे सम्राटाला वाटले होते.

सामान्य घरांतल्या मुलांपर्यंत मात्र धम्म गेला तो जातककथांतून. पाली संग्रहात 547 जातके आहेत. प्रत्येकात वर्तमानातला एखादा प्रसंग, त्यावरून सांगितलेली पूर्वजन्मीची गोष्ट, गाथा आणि शेवटी त्या वेळचा अमुक तो आत्ताचा तमुक, अशी ओळख पटवणे असते. आपल्या मुलांना पंचतंत्रातल्या म्हणून ठाऊक असलेल्या काही गोष्टी, उदाहरणार्थ हंसांच्या काठीला लटकलेले बडबडे कासव किंवा सिंहाचे कातडे पांघरलेले गाढव, जातकांतही आहेत. अजिंठ्याच्या भिंतींवर सहा सुळ्यांचा छद्दंत हत्ती, आपल्या पाठीचा पूल करणारा महाकपी, महाजनक, शिबी ही सगळी मंडळी आहेत. लेणे क्रमांक 17 मध्ये भिक्षापात्र घेतलेल्या भव्य बुद्धांसमोर यशोधरा आणि चिमुकला राहुल उभे आहेत. महाराष्ट्रातल्या शाळांच्या सहली अजिंठ्याला दरवर्षी जातात. त्या चित्रापुढे थांबून मुलांना राहुलाची गोष्ट सांगितली, तर सहलीचे सार्थक होईल. दुर्गा भागवतांनी ‘सिद्धार्थ जातक’ या नावाने सात खंडांत जातके मराठीत आणली आहेत, त्यामुळे मूळ कथा हाताशी नाहीत असे कुणाला म्हणता येणार नाही.

तरीही सगळी जातके मुलांसाठी नाहीत. वेस्संतर जातक हे त्याचे ठळक उदाहरण आहे. दानाची पराकाष्ठा दाखवण्यासाठी राजपुत्र वेस्संतर आपली जाली आणि कण्हाजिना ही दोन मुले जूजक नावाच्या ब्राह्मणाला देऊन टाकतो. तो त्यांना बांधून मारत नेतो. श्रीलंका, थायलंड, म्यानमारमध्ये ही सर्वांत लोकप्रिय कथा आहे. पण ती ऐकणारे मूल स्वतःला वेस्संतराच्या जागी पाहत नाही, जाली आणि कण्हाजिनेच्या जागी पाहते. हा आक्षेप आजचा नाही. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात राजा मिलिंद नागसेनाला याच दानाबद्दल अडवून विचारतो: दुसऱ्याला दुःख देऊन केलेले दान पुण्याचे कसे? नागसेन लांबलचक उत्तर देतो, पण वाचून संपल्यावर राजाचा प्रश्न मनात जास्त टिकतो. किशोरवयीन मुलांना कथा आणि तिच्यावरचा हा वाद दोन्ही एकत्र द्यावेत. लहानग्यांना ती सांगूच नये.

उलट अंबजातक मराठी घरांत आवर्जून सांगावे असे आहे. एक ब्राह्मण तरुण एका चांडाळ गुरूची सेवा करून अवेळी आंबे आणण्याचा मंत्र शिकतो. राजा त्याला गुरूचे नाव विचारतो, तेव्हा लाजेने तो तक्षशिलेच्या नामवंत आचार्याचे नाव सांगतो आणि तत्क्षणी मंत्र विसरतो. जात म्हणजे काय, हे मुलाला समजावण्यासाठी याहून सोपी आणि याहून धारदार गोष्ट मिळणे कठीण.

मुलांना ठरवून, वर्ग भरवून बौद्ध शिक्षण देण्याची आजची पद्धत एकोणिसाव्या शतकात श्रीलंकेत आकाराला आली. तिथल्या इंग्रजी शाळा प्रामुख्याने मिशनऱ्यांच्या हाती होत्या. 1880 मध्ये अमेरिकन कर्नल हेन्री स्टील ऑल्कॉट तिथे आले, पंचशील घेतले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी बौद्ध प्रश्नोत्तरी प्रसिद्ध केली. हिक्कडुवे सुमंगल थेरांनी ती तपासून संमत केली होती. ख्रिस्ती प्रश्नोत्तरीचा साचा, त्यात बौद्ध आशय. रविवारी मुलांनी पांढरे कपडे घालून विहारात जायचे, पाठ शिकायचे, परीक्षा द्यायच्या, ही तिथल्या ‘दहम पासल’ची रीत त्या चळवळीतून वाढली आणि आजही चालू आहे. या शाळांनी एका पराभूत समाजाला स्वतःच्या वारशाची लाज वाटण्यापासून वाचवले, हे त्यांचे मोठे ऋण आहे. मात्र त्यात एक गोष्ट हरवली. कुमारपञ्हातले प्रश्न समज तपासण्यासाठी होते. छापील प्रश्नोत्तरीत उत्तर आधीच ठरलेले असते आणि परीक्षा पाठांतराची होते.

मराठी वाचकांची बुद्धांशी नवी ओळख साधारण त्याच काळात झाली, आणि तिच्या मुळाशी मुलांसाठीचे वाचनच होते. गोव्यातल्या सांखवाळ गावी 1876 मध्ये जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी ऐन तारुण्यात ‘बालबोधमेवा’ या मिशनऱ्यांच्या मराठी बालमासिकात बुद्धचरित्रावरचा एक छोटा लेख वाचला. त्या लेखाने त्यांच्या मनाचा ठाव घेतला. पुढे घर सोडून पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश अशी त्यांची भ्रमंती झाली, पाली विद्येचे भारतात पुनरुज्जीवन झाले आणि ‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘भगवान बुद्ध’ अशी पुस्तके मराठीला मिळाली. मुलांच्या मासिकात काय छापावे याचा विचार करणाऱ्या प्रत्येक संपादकाने ही हकिकत ध्यानात ठेवावी.

दुसरी हकिकत मुंबईची. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचे गौतम बुद्धाचे मराठी चरित्र 1898 मध्ये प्रसिद्ध झाले होते. शाळकरी भीमराव आंबेडकर परीक्षा उत्तीर्ण झाले, तेव्हा समाजाने त्यांचा सत्कार केला आणि केळुसकर गुरुजींनी ते चरित्र त्यांना भेट दिले. ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी लिहिलेल्या, पण पहिल्या आवृत्तीत न छापल्या गेलेल्या प्रस्तावनेत ही आठवण आहे. त्याआधीचा भागही तितकाच मोलाचा आहे. वडील रामजी सुभेदार कबीरपंथी होते. ते मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. हे कशासाठी, असे भीमरावांनी त्यांना विचारले. आपण अस्पृश्य, आपल्या मनात न्यूनगंड येऊ शकतो, द्रोण-कर्णांसारखी माणसे किती उंचीला पोहोचली ते पाहा, अशा आशयाचे उत्तर वडिलांनी दिले. मुलाचे समाधान झाले नाही. कृष्णाचे, रामाचे वागणे त्याला पटत नव्हते आणि ते त्याने वडिलांना सांगितले. केळुसकरांचे पुस्तक वाचल्यावर तर आपल्या वडिलांनी आपल्याला बौद्ध साहित्याची ओळख का करून दिली नाही, हाच प्रश्न त्याला पडला. घरात प्रश्न विचारता येत होते, उत्तर न पटल्याचे सांगताही येत होते. बुद्धांकडे जाणारी त्यांची वाट अशा घरातून निघाली.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी अनुयायांसह घेतलेल्या धम्मदीक्षेने हा विषय एकदम लाखो घरांचा झाला. आजच्या महाराष्ट्राच्या क्षेत्रात 1951 च्या जनगणनेत बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आत होती. 1961 मध्ये ती 27.89 लाखांवर गेली आणि 2011 मध्ये 65.31 लाख झाली. दीक्षेनंतर दोन महिने होण्याच्या आतच बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. आई-बाप स्वतः नवे, भिक्खू मोजके, पुस्तके थोडी, आणि मुले मात्र घराघरात. या मुलांना धम्म कुणी शिकवायचा? बाबासाहेबांनी 1955 मध्ये स्थापन केलेली भारतीय बौद्ध महासभा, गावोगावचे बौद्धाचार्य आणि घरातल्या स्त्रिया यांनी हे काम उचलले. बाबासाहेबांनी संकलित केलेला छोटा ‘बौद्ध पूजापाठ’ हाच पहिला धडा ठरला.

त्यातून जी रीत घडली ती आजही बहुतेक वस्त्यांत दिसते. विहारात किंवा समाजमंदिरात संध्याकाळी किंवा रविवारी सामुदायिक वंदना होते. पुढच्या रांगेत पांढऱ्या कपड्यांतली मुले बसतात. त्रिशरण-पंचशील पालीत म्हटले जाते आणि नंतर कुणी थोरले त्याचा मराठी अर्थ सांगतात. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या बाबासाहेबांच्या ग्रंथाचे मराठीतून वाचन चालते. सुट्टीत बालसंस्कार शिबिरे भरतात. श्रामणेर शिबिरात मोठी मुले आणि तरुण मुंडण करून, चीवर घालून ठरावीक दिवस दहा शीले पाळतात. या सगळ्याच्या आधी, कळायला लागण्याच्याही आधी, मुलाला मिळते ते नाव: सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, आनंद, सुजाता, विशाखा, संघमित्रा. दीक्षेआधीच्या काळात कचरू, धोंडू अशी नावे वाट्याला आलेल्या आजोबांच्या नातवंडांना ही नावे मिळाली, तेव्हा इतिहासाचे एक पान हाक मारताना रोज उच्चारले जाऊ लागले. आणि गाणी. वामनदादा कर्डक यांच्यासारख्या लोककवींच्या बुद्ध-भीमगीतांतून जेवढा धम्म मुलांच्या कानांवर गेला, तेवढा कोणत्याही वर्गातून गेला नसेल.

या शिक्षणात अध्यात्म आणि स्वाभिमान वेगळे काढता येत नाहीत. परंपरागत बौद्ध देशांतले मूल धम्म वारशाने घेते. महाराष्ट्रातल्या बौद्ध मुलाला आपल्या आजोबांनी काय सोडले आणि का सोडले, हेही समजून घ्यावे लागते. दीक्षेच्या वेळच्या 22 प्रतिज्ञांत जुने देव न मानण्याच्या प्रतिज्ञा आहेत, तशाच सर्व माणसे समान मानण्याच्या, चोरी, खोटे आणि दारू टाळण्याच्या आणि अष्टांगिक मार्गाच्याही आहेत. शाळेत गणपती बसतो, वर्गातली मुले विचारतात, तुमच्याकडे का नाही? त्या वेळी मुलाला नुसता नकार पाठ असेल तर ते एकटे पडते. नकारामागचे कारण आणि त्यानंतर स्वीकारलेली मूल्ये ठाऊक असतील तर ते शांतपणे सांगू शकते. घराच्या कागदपत्रांतही ही गुंतागुंत असते. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती 1990 च्या दुरुस्तीनंतरच मिळाल्या. तोवर, आणि काही घरांत त्यानंतरही, घरात बुद्धमूर्ती आणि दाखल्यावर जुनाच धर्म असे चालत राहिले. किशोरवयात मूल हा दाखला पाहते आणि विचारते. त्या वेळी त्याला खरे उत्तर मिळाले पाहिजे.

बुद्धांची गोष्ट सांगताना कोणती सांगावी, हाही प्रश्न आहे. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्ये पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला, ही जगभरच्या बालपुस्तकांतली कथा. धर्मानंद कोसंबींनी ती चिकित्सेला घेतली आणि शाक्य आणि कोलिय या कुळांमधल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणाशी गृहत्यागाचा संबंध जोडला. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच प्रश्न केला, की 29 वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारपण, आजार, मृत्यू पाहिलेच नव्हते हे कसे पटावे? त्यांच्या मांडणीत सिद्धार्थ शाक्य संघाच्या सभेत युद्धाला विरोध करतो, बहुमत विरोधात जाते आणि तो देशत्याग पत्करतो. महाराष्ट्रातले मूल अनेकदा दोन्ही गोष्टी ऐकते, एक शाळेच्या पुस्तकात आणि एक विहारात. याने ते गोंधळेल अशी भीती अनाठायी आहे. पाण्यावरून दोन गावे भांडतात हे मराठवाड्यातल्या मुलाला पटकन समजते, आणि सगळ्यांच्या विरोधात एकट्याने उभे राहण्याचे धैर्यही समजते. चार दृश्यांची कथा मरणाविषयीच्या बालमनातल्या प्रश्नाला हात घालते. दोन्ही सांगाव्यात आणि त्यांत फरक का आहे हेही सांगावे. देवदत्ताने बाण मारलेल्या हंसाची कथा पाली त्रिपिटकात नाही. ती उत्तरकालीन साहित्यातून आणि एडविन अर्नोल्डच्या 1879 च्या काव्यातून जगभर पसरली. पण मारणाऱ्यापेक्षा वाचवणाऱ्याचा हक्क मोठा, हा तिचा आशय बुद्धविचाराशी जुळणारा असल्याने तिला हरकत घेण्याचे कारण नाही.

मुलांना ध्यान शिकवण्याचा दुसरा प्रवाह इगतपुरीहून आला. विपश्यना ध्यान शिकवणारे सत्यनारायण गोएंका 1969 मध्ये म्यानमारहून भारतात आले. 1976 मध्ये इगतपुरीला धम्मगिरी केंद्र सुरू झाले, आणि 1980 च्या दशकापासून मुलांसाठी आनापानाची शिबिरे भरू लागली. प्रौढांचे शिबिर दहा दिवसांचे, मुलांचे एक ते तीन दिवसांचे. मुलांना विपश्यना दिली जात नाही, फक्त पहिली पायरी शिकवतात: नाकपुड्यांपाशी आत-बाहेर जाणारा नैसर्गिक श्वास नुसता जाणायचा. मंत्र नाही, मूर्ती नाही, श्वास लांबवणेही नाही. मधल्या वेळात खेळ आणि गोष्टी असतात. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाच्या सहकार्याने ‘मित्र उपक्रम’ या नावाने हाच सराव शाळांपर्यंत नेला गेला. सर्वधर्मीय शाळेत चालावे म्हणून त्याला कोणत्याही पंथाचे नाव दिले जात नाही. आंबेडकरी विचारवंतांपैकी काहींचा यावर आक्षेप आहे, की दुःखाचे सामाजिक कारण बाजूला ठेवून ते फक्त मनात शोधायला लावले जाते. आक्षेपात तथ्य आहे. मात्र भांडणाऱ्या घरात, दाटीच्या वस्तीत राहणाऱ्या मुलाला रागाच्या क्षणी स्वतःचा श्वास सापडणे ही क्षुल्लक गोष्ट नाही. दोन्ही बाजूंनी एकमेकींकडून घ्यावे असे इथे पुष्कळ आहे.

ध्यानाने एकाग्रता आणि गुण वाढतात, अशी जाहिरात मात्र जपून करावी. ब्रिटनमधल्या 85 शाळांत, 8,000 हून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. शिक्षकांनी वर्गात सरसकट सगळ्यांना दिलेल्या सजगतेच्या धड्यांचा मुलांच्या मानसिक आरोग्यावर नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा जास्त लाभ दिसला नाही. अनेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता. श्वास जाणण्याचा सराव शीलापासून तोडून, तासिकेत बसवून, गुणांसाठी दिला की त्यातले बळ कमी होते. राहुलालाही आनापानाचा उपदेश मिळाला होता, पण तो नंतर, महाराहुलोवाद सुत्तात. आधी खोटे न बोलणे, मग श्वास, असा तो क्रम होता.

किशोरवयापुढे गोष्टी आणि वंदना पुरत नाहीत. या वयासाठी सिगालोवाद सुत्त अत्यंत उपयोगी आहे. वडिलांच्या सांगण्यावरून सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या सिगाल या तरुणाला बुद्ध म्हणतात, पूर्व म्हणजे आई-वडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे कामकरी, वरची म्हणजे श्रमण-ब्राह्मण. प्रत्येक नात्यात दोन्हीकडची कर्तव्ये सांगितली आहेत. मुलाने आई-बापाशी कसे वागावे याबरोबर आई-बापाने मुलासाठी काय करावे हेही आहे, आणि मालकाने नोकराला ताकदीप्रमाणे काम, वेळेवर अन्न व वेतन आणि आजारात काळजी द्यावी असेही आहे. खरा मित्र आणि मित्राचे सोंग घेणारा यांची लक्षणे तर महाविद्यालयात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने वाचावीत. कालामसुत्तही याच वयात द्यावे. ते पूर्ण द्यावे, कारण ऐकीव गोष्टींवर, ग्रंथांवर, गुरूवर आंधळा विश्वास ठेवू नका एवढेच सांगून ते थांबत नाही. लोभ, द्वेष, मोह यांनी माणसाचे भले होते की बुरे, हे स्वतः तपासा, असे त्याचे पुढचे पाऊल आहे.

तरुणांसाठी बाबासाहेबांनी स्वतः संस्था उभ्या केल्या त्या शिक्षणाच्या. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, 1950 मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालय. मिलिंदचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो. विचारणाऱ्या राजाचे नाव महाविद्यालयाला आणि उत्तर देणाऱ्या भिक्खूचे नाव परिसराला. मराठवाड्यातली दलित तरुणांची पहिली शिकलेली पिढी आणि दलित साहित्याचे कितीतरी लेखक याच परिसरातून आले. नागपुरात कामठी रोडवरच्या नागलोक परिसरात 2002 पासून नागार्जुन प्रशिक्षण संस्थेत देशाच्या अनेक राज्यांतले, मुख्यतः दलित-आदिवासी समाजातले, तरुण-तरुणी निवासी अभ्यासक्रमासाठी येतात. तिथे ध्यान, बुद्धविचार आणि आंबेडकरांचे सामाजिक चिंतन एकाच वेळापत्रकात असते. वर उल्लेख केलेल्या दोन प्रवाहांची फारकत तिथे जाणीवपूर्वक टाळली आहे.

पाली भाषेचे शिक्षण हा या विषयातला आणखी एक दुवा आहे, आणि त्याची आबाळ झाली आहे. वंदना म्हणणारी लाखो मुले पाली उच्चारतात, पण ती भाषा शिकणारी फार थोडी. धर्मानंद कोसंबींनी 1912 पासून काही वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली आणि पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांच्यासारखे विद्यार्थी घडवले. बाबासाहेबांनी पाली शब्दकोश आणि व्याकरणावर काम केले होते, ते महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या 16 व्या खंडात प्रसिद्ध झाले आहे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबरच पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. राज्यातल्या काही विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत पाली शिकण्याची सोय आहे. राहुलाचा उपदेश, कुमारपञ्ह आणि उदानातले मुलांचे प्रसंग यांची पाली सोपी, वाक्ये पुन्हा पुन्हा येणारी आणि शब्द मराठीच्या जवळचे. शाळेत संस्कृत शिकलेल्या मुलाला, आणि न शिकलेल्यालाही, थोड्या मार्गदर्शनाने ते मुळातून वाचता येतात. त्यासाठी मराठी अर्थासह, शब्दार्थ आणि प्रश्न असलेली छोटी वाचनपुस्तके विहारांच्या कपाटात असायला हवीत. ती तयार करण्याचे काम विद्यापीठांच्या पाली विभागांनी आणि बौद्धाचार्यांनी मिळून करण्यासारखे आहे.